राजाचा सदरा

राजवैभव म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंहासन, छत्र, मुकुट आणि राज्याभिषेकाचा सोहळा उभा राहतो. परंतु मुकुट राजाच्या मस्तकावर आयुष्यांत क्वचितच चढतो. सदरा मात्र त्याला रोज घालावा लागतो. सामान्य मनुष्य सकाळीं उठून सदरा घालतो, तेव्हां त्या कृत्याकडे दुसऱ्या कोणाचें लक्ष नसतें, व बहुधा त्याचें स्वतःचेंहि नसतें. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील सर्वांत बलाढ्य राजाला त्याचा सदरा कोणीं द्यावयाचा, त्याची उजवी बाही कोणीं धरावयाची आणि डावी कोणीं, याचे नियम ठरलेले होते. तो सदरा हातांत घेण्याचा मान मिळावा म्हणून, ज्यांच्या वडिलांनीं त्याच राजाविरुद्ध तरवार उपसली होती असे राजपुत्र व ड्यूक दिवाणखान्यांत तिष्ठत उभे राहत. हा प्रकार वाचून हंसूं येणें स्वाभाविक आहे. तथापि ज्या रिवाजापायीं शहाणींसुरतीं माणसें पिढ्यान् पिढ्या आपला जन्म वेंचतात, तो निव्वळ वेडेपणा असूं शकत नाहीं. त्याच्या बुडाशीं कांहीं तरी हिशेब असलाच पाहिजे. तो हिशेब काय होता, त्याचा लाभ कोणाला झाला आणि त्याची किंमत अखेर कोणीं मोजली, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

चौदावा लुई १६३८ सालीं जन्मास आला व १६४३ सालीं, वयाचीं पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, फ्रान्सच्या गादीवर बसला. कारभार त्याची आई ॲन राणी व प्रधान कार्डिनल माझारिन यांच्या हातीं होता. राजा अल्पवयी, राणी परदेशांत जन्मलेली आणि प्रधानहि परदेशांत जन्मलेला, असा योग जुळून आल्यावर सरदारांना चेव न येता तरच नवल! १६४८ पासून १६५३ पर्यंत पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेनें, शहरांतील जमावानें आणि राजाच्या रक्ताच्या नात्यांतील राजपुत्रांनीं आळीपाळीनें बंडें केलीं. फ्रान्सच्या इतिहासांत हा काळ ‘फ्रोंद’ या नांवानें ओळखला जातो. १६४९ च्या जानेवारींत एका रात्रीं राजकुटुंबाला पॅरिसमधून सें-झेर्मेंच्या वाड्यांत पळून जावें लागलें. तेथें सामानसुमान नव्हतें. दरबारांतील पुष्कळांवर गवताच्या पेंढ्यांवर निजण्याची पाळी आली. दोन वर्षांनंतर, १६५१ च्या फेब्रुवारींत, राजा पुन्हां पळून जाणार अशी आवई उठली, तेव्हां पॅरिसचा जमाव रात्रीं राजवाड्याच्या दाराशीं येऊन थडकला. ॲन राणीनें धैर्यानें दारें उघडविलीं आणि लोकांना मुलाच्या शय्येपाशीं येऊं दिलें. बारा वर्षांचा राजा डोळे मिटून पडला होता; आणि तो खराच आपल्या बिछान्यांत आहे ना, हें पाहत माणसें त्याच्या उशापासून एकामागून एक चाललीं होतीं.

ही रात्र ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी. निजलेल्या राजाला पाहणें हा त्या रात्रीं जमावानें बळजबरीनें मिळविलेला हक्क होता. पुढें तीस-पस्तीस वर्षांनीं त्याच राजाला निजतांना व उठतांना पाहणें, ही फ्रान्समधील थोर घराण्यांना मोठ्या मिनतवारीनें मिळणारी मेहेरबानी होऊन बसली. या दोन टोकांमधील अंतर राजानें सैन्याच्या बळावर तोडलें नाहीं. तें त्यानें मुख्यत्वेंकरून रिवाजाच्या बळावर तोडलें.

१६६१ च्या मार्च महिन्यांत माझारिन वारला व लुईनें कारभार स्वतःच्या हातीं घेतला. राज्यकारभाराच्या अंतःस्थ मंत्रिमंडळांतून त्यानें आपली आई, आपला सख्खा भाऊ आणि झाडून सारे राजपुत्र यांना वगळलें. त्या मंडळांत बसले ते लतेलिये, लियोन आणि पुढें कोल्बेर. यांपैकीं कोल्बेर हा तर रॅंस शहरांतील व्यापारी घराण्यांतला. सत्ता अशा माणसांच्या हातीं गेल्यावर ज्यांच्या हातून ती गेली त्या मानकऱ्यांचें करावयाचें काय, हा प्रश्न उरला. त्यांना आपापल्या परगण्यांत व गढ्यांत मोकळें सोडावें, तर दुसरें बंड व्हावयाचें. तुरुंगांत घालावें, तर इतके तुरुंग आणावयाचे कोठून? लुईनें तिसरा मार्ग काढला. पॅरिसपासून कांहीं कोसांवर व्हर्साय येथें त्याच्या बापानें बांधलेला एक लहानसा शिकारवाडा होता. त्याचा त्यानें प्रचंड प्रासाद केला आणि १६८२ च्या मे महिन्याच्या ६ तारखेस राजदरबार व सरकार कायमचें तेथें नेलें. मानकऱ्यांनीं आपलीं प्रशस्त घरें सोडून त्या प्रासादाच्या माळ्यावरील कोंदट खोल्यांत राहावयास यावें यासाठीं कोणताहि कायदा त्यानें केला नाहीं. त्यानें इतकेंच केलें कीं, जो डोळ्यांपुढें नसेल त्याला कांहीं मिळावयाचें नाहीं. एखाद्या गैरहजर सरदारासाठीं कोणीं रदबदली केली, तर असा मनुष्य आपल्या पाहण्यांत नाहीं, एवढेंच राजा बोले. तेवढ्यानें त्या सरदाराचें नशीब मिटत असे.

आतां ज्या प्रसंगीं डोळ्यांपुढें असावयाचें तो प्रसंग पाहूं. राजाच्या शयनगृहांत, त्याच्या पलंगाच्या पायथ्याशीं, त्याचा मुख्य खिजमतगार निजत असे. सकाळीं आठच्या सुमारास तो वेळ झाल्याचें सांगून राजाला जागें करी. प्रथम वैद्य व शस्त्रवैद्य आंत येत. राजाची म्हातारी दाई जिवंत होती तोंपर्यंत तीहि येई व राजाचा मुका घेई. त्या साऱ्या सोहळ्यांत निखळ मायेचें असें तेवढेंच एक कृत्य असावें. मग पडदे उघडले जात, राजाला पवित्र जल दिलें जाई, तो थोडी प्रार्थना करी आणि त्यानंतर लोकांना आंत सोडण्यास आरंभ होई. सर्वांना एकदम सोडीत नसत. पहिल्या तुकडींत घरचे राजपुत्र, दुसरींत मोठे हुद्देदार, तिसरींत विशेष परवाना मिळालेले, आणि असें करतां करतां शेवटीं शंभराच्या आसपास माणसें त्या खोलींत दाटत. कोणाला किती आधीं आंत येतां येतें, यावर त्याची दरबारांतील किंमत ठरे. राजा अंथरुणांत असतां जो त्याला पाही तो श्रेष्ठ. तो अंगरखा पांघरून खुर्चींत बसल्यावर जो पाही तो त्याहून कमी. आणि त्याला पुरा पोशाख चढल्यावर जो पाही तो अगदींच सामान्य. आपण लोकव्यवहारांत मनुष्याची योग्यता त्याच्या पोशाखावरून ठरवितों. येथें ती राजाच्या अंगावर पोशाख किती थोडा आहे यावरून ठरत होती.

सदऱ्याचा मान सर्वांत मोठा. युवराज हजर असेल तर त्यानें, तो नसेल तर हजर असलेल्यांत जो दर्जानें वरचा त्यानें, तो राजाच्या हातीं द्यावयाचा. उजवी बाही शयनगृहाचा मुख्य खिजमतगार धरी, डावी बाही वस्त्रागाराचा. गळपट्ट्याचा अधिकारी निराळा, हातरुमालांचें तबक पुढें करणारा निराळा. दहाच्या सुमारास राजा प्रार्थनामंदिरांत जाई, नंतर मंत्रिमंडळांत बसे, दुपारीं एक वाजतां भोजनास बसे. त्याचें अन्न पाकशाळेंतून निघालें म्हणजे शिपाई बरोबर चालत आणि वाटेंतील लोक त्या ताटांना टोपी काढून मान देत. राजा शय्येवर नसला तरी त्या रिकाम्या शय्येपुढें स्त्रिया लवून मुजरा करीत. दारावर थाप मारण्याची मनाई होती. नखानें दार खरवडावें, एवढीच परवानगी. कोणीं कोणापुढें बसावें याचा तर एक शास्त्रग्रंथच होऊं शकेल. हातांची खुर्ची, पाठीची खुर्ची आणि बिनपाठीचें स्टूल अशा पायऱ्या होत्या. राणीसमोर त्या स्टुलावर बसण्याचा हक्क ड्यूकच्या पत्नीला असे. इतर कुलीन स्त्रियांना तासन् तास उभें राहावें लागे. १६४९ सालीं, देशांत यादवी माजलेली असतांना, हा स्टुलाचा मान दोन-चार घराण्यांना नव्यानें दिला म्हणून फ्रान्सच्या सरदारांनीं सभा भरवून निषेध केला होता.

महाराष्ट्रीय वाचकाला यांत फारसें अपरिचित वाटूं नये. चौदाव्या लुईचे हे प्रयोग चालूं होते त्याच काळांत, १६६६ च्या मे महिन्यांत, शिवाजी महाराज आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारांत गेले, आणि पांच हजारी मनसबदारांच्या रांगेंत आपल्याला उभें केलें हें पाहतांच ते संतापले. दरबारांतील जागा ही नुसती जागा नसते. ती सर्वांदेखत वाचावयाची मनुष्याच्या योग्यतेची सनद असते, हें आग्र्याला ठाऊक होतें तसें व्हर्सायलाहि होतें. भेद एवढाच कीं, महाराजांनीं ती जागा झिडकारली आणि फ्रान्सच्या मानकऱ्यांनीं ती दांताखालीं धरून ठेविली.

ती त्यांनीं किती घट्ट धरली होती हें सें-सिमाँ या ड्यूकच्या आठवणींवरून उत्तम कळतें. राजा रात्रीं निजावयास जाई तेव्हां हजर असलेल्यांपैकीं एकाचें नांव घेऊन त्याच्या हातीं मेणबत्तीचें शमादान देण्यास सांगे. राजाचे कपडे उतरेपर्यंत तें धरून उभें राहावयाचें, एवढेंच काम. खोलींत उजेड मुबलक असल्यामुळें त्या दिव्याची गरज मुळींच नव्हती. १६०२ नव्हे, हें घडलें तें १७०२ सालीं, युरोपांत नवें युग उगवत असतां: सें-सिमाँनें सैन्यांतील चाकरीचा राजीनामा दिला, त्यामुळें राजा मनांतून रुष्ट झाला, परंतु तो रोष इतरांना दिसूं नये म्हणून त्याच रात्रीं त्यानें शमादान सें-सिमाँच्या हातीं देवविलें. हा ड्यूक दरबाराचा कठोर टीकाकार होता, असल्या क्षुल्लक मेहेरबानीचें पोकळपण त्याला पुरतें कळत होतें. तरी कित्येक वर्षांनंतर आठवणी लिहितांना त्या मेणबत्तीची हकीकत नोंदल्यावांचून त्याला राहवलें नाहीं. ज्या नाण्यानें राजा आपले देणेकरी भागवीत होता, त्याला टांकसाळीचा खर्च नव्हता, आणि तें खोटें आहे हें कळूनहि घेणारा तें परत करीत नव्हता. याहून उत्तम चलन कोणत्या राजानें पाडलें असेल?

पण या चलनाला तारण एकच होतें, आणि तें म्हणजे राजाचें स्वतःचें शरीर. मानकऱ्यांनीं रोज वेळेवर हजर राहावें असें वाटत असेल, तर राजानेंहि रोज वेळेवर उठलें पाहिजे, सर्वांसमक्ष जेवलें पाहिजे, आणि निजण्याचा विधि रोज पार पाडला पाहिजे. हातांत पंचांग व घड्याळ असलें म्हणजे शेंकडों कोसांवरूनहि राजा या क्षणीं काय करीत आहे हें सांगतां येई, असें त्या काळचे लोक मानीत. लुईनें हें जूं अर्धें शतक वाहिलें. १६८६ च्या नोव्हेंबरांत गुंगीचें औषध नसलेल्या त्या काळांत त्याच्यावर भगंदराची शस्त्रक्रिया झाली, तरी दरबाराचा क्रम त्यानें फारसा मोडूं दिला नाहीं. १७०१ सालीं त्यानें आपलें शयनगृह प्रासादाच्या बरोबर मध्यभागीं, उगवतीकडे तोंड करून, हलविलें. साऱ्या इमारतीचा, आणि एका अर्थीं साऱ्या राज्याचा, मध्यबिंदु म्हणजे तो पलंग झाला. १७१५ च्या ऑगस्टांत त्याचा पाय सडूं लागला. तरीहि २५ तारखेस, आपल्या नांवाच्या संताच्या सणाच्या दिवशीं, वाद्यें वाजत असतां तो लोकांदेखत जेवला. १ सप्टेंबर रोजीं सकाळीं आठ वाजून गेल्यावर त्यानें प्राण सोडला. तीच ती रोजची पडदे उघडण्याची वेळ. मरणानेंहि जणुं दरबारी शिरस्ता पाळला.

थोर मनुष्यानें स्वतःच्या मापानें शिवलेलें वस्त्र वारसांच्या अंगाला बसत नाहीं, आणि टाकूनहि देतां येत नाहीं. पणतू पंधरावा लुई हा स्वभावानें भिडस्त व एकांतप्रिय. पणज्याची ती विस्तीर्ण, थंडगार खोली त्याला सोसेना. १७३८ सालीं त्यानें आपल्यासाठीं निराळें, उबदार शयनगृह करविलें. मग सकाळच्या सोहळ्याचें काय झालें? तो बंद पडला नाहीं! राजा आपल्या खोलींत उठे, अंगावर झगा घालून जुन्या शयनगृहांत जाई आणि तेथें शेंकडों डोळ्यांसमोर विधिपूर्वक पुन्हां उठे. रात्रीं तेथें विधिपूर्वक निजे, आणि लोक गेले म्हणजे उठून खरोखर निजण्यासाठीं आपल्या खोलींत जाई. पणजा रंगभूमीवर राहत होता. पणतू तेथें फक्त पात्राचें काम करावयास जाऊं लागला. हा फरक प्रेक्षकांच्या नजरेंतून सुटत नसतो.

असें असतां हा खेळ मोडून कां टाकला नाहीं? याचें उत्तर सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या अनुभवांत सांपडतें. तिच्या सेवेंतील मादाम कांपां या बाईनें एक प्रसंग लिहून ठेविला आहे. हिवाळ्याचे दिवस होते. राणी वस्त्रें उतरवून उभी होती आणि दासी तिला आंतील झगा देणार, इतक्यांत मुख्य मानकरीण आली. मान तिचा, म्हणून तिनें हातमोजे काढून झगा घेतला. तोंच दार खरवडल्याचा आवाज झाला व ऑर्लेआंची डचेस आली. आतां मान हिचा; पण मानकरणीनें तो परस्पर द्यावयाचा नाहीं, म्हणून झगा पुन्हां दासीच्या हातीं आणि दासीकडून डचेसच्या हातीं गेला. पुन्हां दार वाजलें. आतां आली राजाची भावजय. झगा तिच्या हातीं गेला. एवढा वेळ फ्रान्सची राणी छातीवर हात घट्ट आंवळून थंडीनें कुडकुडत उभी होती. १७७८ च्या डिसेंबरांत तिला पहिलें अपत्य झालें, तेव्हां राजघराण्याचा जन्म सर्वांदेखत व्हावा या रिवाजानुसार खोलींत इतकी गर्दी लोटली कीं ती बेशुद्ध पडली, आणि बंद करून चिकटविलेल्या खिडक्या राजानें स्वतः जोर लावून उघडल्या, असेंहि तीच बाई सांगते.

राणीनें या बंधनांतून सुटण्याची खटपट केली. प्रासादाच्या बागेंतील लहानशा त्रियानों महालांत ती मोजक्या स्नेह्यांसह राहूं लागली; तेथें तिच्या परवानगीवांचून कोणाला प्रवेश नसे. एका तरुण बाईनें थोडा मोकळेपणा इच्छावा यांत आपल्याला गैर कांहींच वाटणार नाहीं. परंतु ज्यांच्या घराण्यांना पिढ्यान् पिढ्या सदरा देण्याचा, शमादान धरण्याचा, स्टुलावर बसण्याचा मान होता, त्यांना तो मोकळेपणा आपल्या घरावर आलेली जप्ती वाटली. त्यांनीं आपली खरी सत्ता देऊन त्या मोबदल्यांत हे मान घेतले होते. आतां मानहि जाणार असतील तर व्हर्सायला राहावयाचें कशासाठीं? राणीविषयींचे कुत्सित प्रवाद प्रथम दरबारांतच कुजबुजले गेले आणि तेथून पॅरिसच्या बाजारांत पोंचले. रिवाज ही राजाची एकट्याची मालमत्ता नव्हती; तींत मानकऱ्यांचा वांटा होता. म्हणून राजाला ती वाढवितां येत होती, कमी करतां येत नव्हती. चौदाव्या लुईनें मानकऱ्यांना बांधण्यासाठीं जी दोरी वळली, तिचें दुसरें टोंक त्याच्याच वंशजांच्या मनगटाला होतें.

ही नुसती उपमा नव्हे, याचा प्रत्यय लौकरच आला. १७८९ च्या ऑक्टोबरच्या ५ तारखेस पॅरिसच्या स्त्रिया भाकरीसाठीं व्हर्सायवर चालून आल्या. ६ तारखेच्या पहाटें जमाव प्रासादांत शिरला. राणी आपल्या शयनगृहांतून राजाकडे पळाली. थोड्या वेळानें चौदाव्या लुईच्या त्याच शयनगृहाच्या सज्जांत राजा व राणी यांना लोकांपुढें उभें राहावें लागलें. १६५१ च्या त्या रात्रीप्रमाणें राजाला पाहणें हा पुन्हां जमावाचा हक्क झाला होता. त्याच दिवशीं राजकुटुंबाला पॅरिसला, तुइलरीच्या वाड्यांत, नेण्यांत आलें.

तुइलरींत राजा जवळजवळ कैदी होता. पण उठण्या-निजण्याचा सोहळा तेथेंहि चालूच राहिला. १७९१ च्या जूनच्या २० तारखेस रात्रीं पळून जाण्याचा बेत ठरला. मुलांना गुप्तपणें बाहेर काढलें, गाडी तयार होती. आणि राजा काय करीत होता? तो निजण्याचा विधि पार पाडीत होता. सेनापति लाफायेत व पॅरिसचा नगराध्यक्ष बायी हे त्या वेळीं हजर होते. त्यांना संशय येऊं नये म्हणून राजाला गप्पा मारीत बसावें लागलें. ते गेले, कपडे उतरले, राजा अंथरुणांत शिरला. पण खिजमतगार त्याच खोलींत निजावयाचा. राजानें हांक मारावी म्हणून एक दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली असे व तिचें दुसरें टोंक राजाच्या हाताशीं. तो कपडे बदलावयास बाजूच्या खोलींत गेला, तेवढ्या अवधींत राजा पडद्यांतून निसटला आणि नोकराचा वेष घालून वाड्याबाहेर पडला. प्रवासांत विलंबाचीं इतरहि कारणें घडलीं. पण पहिले मोलाचे तास पॅरिसमध्येंच गेले होते. वाटेवर मदतीला ठेवलेले घोडेस्वार वाट पाहून निघून गेले, आणि २१ तारखेच्या रात्रीं वारेन गांवीं राजा पकडला गेला.

१७९३ च्या जानेवारीच्या २१ तारखेस टांप्लच्या बंदिशाळेंत राजा पहाटें पांच वाजतां उठला. त्याच्याजवळ क्लेरी नांवाचा एकच सेवक उरला होता. त्यानें विस्तव पेटविला, राजाला कपडे घातले, त्याचे केस विंचरले. कोणाचा मान आधीं, हा प्रश्न नव्हता. बाहेर कोणी तिष्ठत नव्हतें. सदरा एका हातानें दिला आणि दुसऱ्यानें घेतला, जसा तो जगांतील प्रत्येक घरांत दिला-घेतला जातो. त्याच सकाळीं राजाचा शिरच्छेद झाला.

रूढि ही दुबळ्यांना जखडण्यासाठीं बलवंतांनीं केलेली बेडी आहे, असें आपण पुष्कळदां म्हणतों. व्हर्सायची कथा त्यापुढची गोष्ट सांगते. जी रूढि मान वांटते, ती मान घेणाऱ्याला जितकी बांधते तितकीच मान देणाऱ्यालाहि बांधते. आणि देणाऱ्याला ती सोडावीशी वाटते तेव्हां सुटका करणारें कोणी उरलेलें नसतें. १८३७ पासून तो प्रासाद सर्वांसाठीं खुलें असलेलें संग्रहालय आहे. मध्यभागींच्या त्या शयनगृहांत सोनेरी कठडा व पलंग आज पाहावयास मिळतो, आणि देशोदेशींचे प्रवासी पैसे देऊन, रांग लावून, त्या रिकाम्या शय्येपुढून एकामागून एक पुढें सरकतात. तेथें आतां कोणीहि मुजरा करीत नाहीं.